आजी-आजोबांना गाडीतून नेताना त्यांच्या सामानाचं काय करायचं

म्हाताऱ्या माणसांना, आजारी माणसांना किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या कुणाला गाडीतून न्यायचं म्हटलं की आपलं सगळं लक्ष त्यांना नीट बसवण्याकडे असतं, ते बरोबरच आहे, पण सामान मात्र आपण पटकन उचलतो आणि डिकीत टाकून मोकळे होतो. गडबड तिथेच होते. त्या एका कापडी पिशवीत चष्मा असतो, दुपारची गोळी असते, रिपोर्टची फाइल असते, कानटोपी असते, पैशाचा बटवा असतो, आणि हे सगळं हाताशी असलं की माणूस निवांत बसतो, नसलं की लोणावळा येईपर्यंत दर दहा मिनिटांनी विचारत राहतो की माझी पिशवी घेतली ना रे. मी आई-बाबांना आणि सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना दवाखान्यात, गावाला, लग्नकार्याला नेत असतो, त्यातून जे कळत गेलं ते लिहितोय, कॅब चालवणाऱ्या दादांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल असं वाटतं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: विचारल्याशिवाय सामानाला हात लावू नका. मदत करायच्या भरात आपण हातातून पिशवी ओढून घेतो, "द्या हो इकडे, मी घेतो", आणि त्या माणसाचा तोल जातो, कारण बऱ्याच जणांना एका हातातली काठी आणि दुसऱ्या हातातली पिशवी असंच चालायची सवय झालेली असते. त्याऐवजी "आजी, ही पिशवी मी धरू का? तुमच्याजवळच ठेवतो" असं विचारायचं आणि खरंच जवळ ठेवायची. नको म्हणाल्या तर नको. बटवा, मंगळसूत्राची डबी, पासबुक असल्या वस्तू तर स्वतःहून मागूच नका, त्यांच्याकडेच राहू द्या. आणि कधी ठेवायला दिल्याच तर त्यांच्यासमोर मोजून घ्या, कुठल्या खिशात ठेवल्या ते दाखवा आणि उतरल्यावर पुन्हा त्यांच्यासमोरच मोजून द्या.

आदल्या दिवशीचा फोन

आदल्या दिवशी फोन करून विचारायचं की बरोबर काय काय आहे. नुसतं "सामान किती आहे" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही रे, एक पिशवी", आणि सकाळी दारात एक पिशवी, वॉकर, कमोडची खुर्ची आणि लेकीला द्यायची लोणच्याची बरणी. म्हणून नाव घेऊन विचारा. वॉकर आहे का, चाकाची खुर्ची आहे का, ती घडीची आहे का, ऑक्सिजन आहे का, फ्रीजमधलं औषध आहे का.

चाकाच्या खुर्चीचा प्रश्न आपल्याकडे फारच नडतो, कारण मुंबई-पुण्यातल्या कितीतरी कॅब सीएनजीवर आहेत आणि डिकीतली बरीचशी जागा सिलिंडरनेच खाल्लेली असते. साधी लोखंडी घडीची खुर्ची १५ ते २० किलोची असते, घडी घातली तरी सीएनजी गाडीच्या डिकीत बसेलच असं नाही. त्यामुळे कॅब बुक केल्यावर लगेच ड्रायव्हरला फोन करून विचारायचं की दादा, सिलिंडर आहे का, खुर्ची बसेल का. पेशंटला फुटपाथवर उभं करून मग दोरी शोधत बसण्यापेक्षा हे फार बरं. मागच्या सीटची पाठ पुढे पाडता येत असेल तर खुर्ची आडवी बसते, पण मग तिथे माणसांना जागा कमी, तेव्हा कोण कुठे बसणार हे आधीच ठरवून टाका.

एसटीने येणाऱ्यांना घ्यायला जाणार असाल तर अजून एक. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीत मोफत प्रवास आहे, त्यामुळे गावाकडचे आजी-आजोबा स्वारगेटपर्यंत बसने येतात आणि तिथून पुढे आपण गाडीने नेतो. बसजवळ पोचलात की आधी त्यांना विचारा डाग किती आहेत, एसटीच्या डिकीतले किती आणि वर रॅकवरचे किती, आणि बस हलायच्या आत मोजून घ्या. तांदळाची गोणी लक्षात राहते हो, रॅकवरची शालीची छोटी पिशवी राहून जाते.

पिशव्या दोन करा

हातातली एक आणि डिकीतली दुसरी, एवढीच विभागणी करायची, पण ती घरात, शांतपणे, त्यांच्यासोबत बसून. गाडीजवळ उभं राहून करायला गेलात तर घाईत भलतंच होतं.

हातातल्या पिशवीत दिवसभराची औषधं आणि वर एका वेळची जास्तीची (एक्सप्रेसवेला घाटात गाडी अडकली की दोन-तीन तास सहज जातात), डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, मोबाईल आणि चार्जर, पाण्याची छोटी बाटली, सुती रुमाल, शाल किंवा स्वेटर, कारण एसी त्यांना आपल्यापेक्षा लवकर बाधतो, आणि काहीतरी खायला. साखरेचा त्रास असणाऱ्यांच्या पिशवीत साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटं अशी ठेवा की न शोधता हाताला लागतील. ज्यांना छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे ती गोळी पिशवीतसुद्धा नको, खिशात किंवा गळ्यातल्या छोट्या पर्समध्ये हवी, आणि ती कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्यालाही माहीत हवं. दम्याच्या पंपाचंही तेच.

पिशवी शक्यतो चेनची घ्या आणि एकच घ्या. आपल्या आयांना पिशवीत पिशवी आणि त्यात अजून एक पिशवी घालायची सवय असते, तिसऱ्या पिशवीतली गोळी चालत्या गाडीत सापडत नाही. पिशवीच्या आतल्या बाजूला मुलाचा किंवा मुलीचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

फाइल, एक्स-रे आणि एमआरआयच्या मोठ्या फिल्म सीटवर सपाट ठेवा किंवा पुढच्या सीटच्या पाठीमागच्या खिशात उभ्या, दुमडू नका. डॅशबोर्डवर तर काहीच ठेवायचं नाही, पुढे बसणाऱ्याच्या समोर एअरबॅग असते, ती उघडली तर तिथली वस्तू थेट तोंडावर येते. आणि मांडीवर जड पिशवी घेऊन पुढे बसू देऊ नका, कितीही म्हणाल्या "राहू दे, मला सवय आहे" तरी. मागच्या काचेखालच्या फळीवर पण जड काही नको, जोरात ब्रेक लागला की तिथला स्टीलचा डबा मागे बसलेल्याच्या डोक्यात बसतो.

गाडीत बसताना

गाडी फुटपाथला खेटून लावू नका, थोडी जागा सोडा म्हणजे वॉकर उभा राहतो. उंच फुटपाथवरून गाडीत बसताना फार वाकावं लागतं, त्यापेक्षा सपाट जागा बघा. चढणं-उतरणं नेहमी डाव्या बाजूने, रहदारीकडच्या दाराने अजिबात नाही.

आता क्रम. आधी डिकीतलं सामान ठेवून घ्या, तोवर त्यांना घरातच किंवा खुर्चीवर बसू द्या, उन्हात उभं करू नका. मग माणूस. सीटकडे पाठ करून आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि तुमचा हात वर दाराच्या चौकटीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. तोवर काठी त्यांच्याच हातात राहते. काठी सगळ्यात शेवटी आत जाते आणि उतरताना सगळ्यात आधी बाहेर येते. हे उलटं केलं तर ते धरायला काहीतरी शोधतात, आणि जे सापडतं ते म्हणजे उघडं दार, आणि दार हलतं.

काठी ठेवायची कुठे, तर त्यांच्या पायाच्या डाव्या बाजूला सीट आणि दार यांच्यामध्ये, आडवी. दाराला टेकवून उभी ठेवली तर दार उघडताच रस्त्यावर पडते. चार पायांची काठी असेल तर ती शेजारच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट घाला. वॉकर आणि घडीची काठी डिकीत गेली तर हरकत नाही, पण सगळ्यात वर, म्हणजे डिकी उघडली की पहिली तीच हाताला येते.

चाकाची खुर्ची डिकीत घालताना आधी ब्रेक लावा, माणूस गाडीत नीट बसल्याची खात्री करा, पाय ठेवायच्या पट्ट्या काढा किंवा वर करा, मग बैठकीचं कापड मधोमध पुढून आणि मागून धरून वर ओढा, खुर्ची मिटते. उचलताना खालच्या सांगाड्याला धरा, हात ठेवायच्या दांड्यांना नाही, त्या बऱ्याच खुर्च्यांना निघणाऱ्या असतात आणि ऐन वेळी हातात येतात. सुट्या निघालेल्या पट्ट्या आणि उशी एका पिशवीत घालून खुर्चीच्याच हँडलला बांधा.

दार लावायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: पदर, पिशवीचा बंद आणि बोटं. पदर किंवा ओढणी दारात अडकणं नेहमीचंच, पण बोटांचं खरंच जपा. मागे बसलेली किंवा उतरणारी म्हातारी माणसं दोन दारांच्या मधल्या खांबाला धरतात आणि त्याच वेळी पुढच्या दारातून उतरलेला कुणीतरी दार धाडकन लावतो. म्हणून मोठ्याने सांगायचं, "दार लावतोय, हात आत घ्या", आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मग बेल्ट. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट बंधनकारक आहे आणि नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंड बाजूला ठेवा, म्हाताऱ्या हाडांना छोटा धक्काही पुरतो. बेल्ट पिशवीवरून नाही, अंगावरून घ्या. हातातली पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून तिच्या बंदातून त्या सीटचा बेल्ट ओवा, घाटात खाली पडत नाही आणि त्यांच्या हाताच्या अंतरात राहते. शेवटी सांगा कुठे काय आहे: "काकू, पिशवी तुमच्या उजव्या हाताला, पाणी समोरच्या खिशात, काठी डाव्या पायाशी." दिसत नसलेल्या व्यक्तीला हे सांगणं तर हवंच, आणि नुसतं सांगू नका, त्यांना हात लावून बघू द्या. मधल्या स्टॉपला तुम्ही काही हलवलंत तर पुन्हा सांगा.

पाण्याच्या बाटल्या मोकळ्या ठेवू नका, घरंगळत जाऊन ड्रायव्हरच्या ब्रेकखाली अडकतात. कुंभार्लीसारख्या घाटात हे फार धोक्याचं आहे.

ज्यांचं सामान म्हणजेच औषधोपचार आहे

लघवीची पिशवी लावलेली असेल तर निघायच्या आधी रिकामी करा आणि प्रवासात ती कायम कमरेच्या खाली राहील असं बघा. लोकांना दिसू नये म्हणून पिशवी मांडीवर घेऊन वर शाल टाकतात, त्याने लघवी उलटी जाते आणि इन्फेक्शन होऊ शकतं. सीटच्या कडेला खाली हुक लावा, नळीला पीळ नको, नळीवर बेल्ट नको, मांडीखाली दबायला नको, आणि दारात तर अजिबात यायला नको. बाहेरून एक कापडी पिशवी चढवा, त्यांचा संकोच कमी होतो. त्यावर चारचौघात मोठ्याने बोलू नका, जवळ जाऊन हळू विचारा.

डायलिसिसवाल्यांचा एक हात जपायचा असतो, ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) केलेला आहे तो. त्या हाताला धरून उठवायचं नाही, त्या हातात पिशवी द्यायची नाही, कोपरावर पर्स लटकवू द्यायची नाही. येताना ते जातानापेक्षा थकलेले असतात, बीपी कमी झालेलं असतं, म्हणून येतानाचं सगळं सामान तुम्ही घ्या आणि त्यांचा मोबाईल आणि घराची किल्ली तेवढी त्यांच्या दुसऱ्या हाताशी ठेवा.

ऑक्सिजनचा सिलिंडर सीटजवळ पट्ट्याने घट्ट बांधा, मोकळा नको. बंद डिकीत नको, उन्हात नको, काच थोडी खाली असू द्या, आणि गाडीत विडी-सिगारेट-उदबत्ती काही नाही. निघताना हिशोब करा: सिलिंडरमध्ये १५०० लिटर असेल आणि मिनिटाला २ लिटर चालू असेल तर साडेबारा तास पुरतो, फ्लो ४ केला की सव्वासहा तासच. प्रवासाला लागेल त्यापेक्षा बराच जास्त घेऊन निघा आणि फ्लो डॉक्टरांनी सांगितला तोच ठेवा. सिलिंडरऐवजी ऑक्सिजनचं मशीन असेल तर गाडीच्या चार्जरची वायर हातातल्या पिशवीत हवी, डिकीत नाही.

इन्सुलिनचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, थंड पिशवीत न्या पण बर्फाला थेट चिकटवू नका, मध्ये रुमाल घाला, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. वापरात असलेलं पेन सावलीत चालतं. पण बंद गाडीत कुठलंच नको. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हात उभ्या गाडीत तासाभरात ५० च्या पुढे जातं, डॅशबोर्डवर तर त्याहून जास्त. जेवायला उतरलात की औषधांची पिशवी पण उतरली पाहिजे. दम्याचा पंप पण गरम गाडीत ठेवायचा नाही.

पेसमेकर असलेल्या काकांचा मोबाईल शर्टाच्या त्याच बाजूच्या खिशात नको, १५ सेंटिमीटर तरी लांब हवा. नवीनच बसवला असेल तर बेल्ट घासतो, तिथे मऊ नॅपकिनची घडी ठेवा, पण बेल्ट काढू नका.

कानातलं मशीन आणि कवळी या दोन वस्तू फार हरवतात, आणि दोन्ही महाग. गाडीत झोपताना मशीन काढलं की ते मांडीवर ठेवलं जातं, मग उतरताना खाली. छोटी डबी द्या, डबी चेनच्या कप्प्यात. कवळी कागदात गुंडाळू देऊ नका, कचरा समजून कुणीतरी फेकून देतं.

वाटेत थांबल्यावर

फूड मॉलला थांबलं की सगळे एकदम उतरतात आणि आजोबा पिशवी शोधत मागे राहतात. एकाने त्यांच्यासोबत थांबायचं, हे आधीच ठरवा. बाथरूमला जाताना त्यांच्या हातात काठीशिवाय काही नको, पिशवी तुम्ही बाहेर धरून उभे रहा, दिसेल असे उभे रहा. तिथे चष्मा बेसिनवर राहतो, मोबाईल टाकीवर राहतो, त्यामुळे बाहेर आल्यावर तिथल्या तिथे विचारा, पन्नास किलोमीटर गेल्यावर नाही.

गाडी लागणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या दोन-तीन पिशव्या, ओला नॅपकिन आणि आलेपाक पुढच्या सीटच्या खिशात, डिकीत ठेवून काय उपयोग.

विसरायला होणाऱ्या माणसांसोबत

डिमेन्शिया असलेल्या आजी पुन्हा पुन्हा पिशवी विचारतात. "आत्ताच तर सांगितलं ना" म्हणू नका, त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच विचारणं असतं. पिशवी मांडीवर द्या, हलकीच असू द्या, त्यात जपमाळ, रुमाल, ओळखीची एखादी वस्तू घाला. खरी कागदपत्रं, पैसे आणि गोळ्या तुमच्याकडे. कधी कधी त्या पिशवी उघडून एकेक वस्तू काढून सीटवर मांडतात, मांडू द्या, हात तेवढे कामात राहतात, फक्त काच वर असू द्या. मागच्या दाराचा चाइल्ड लॉक लावा आणि नाव-नंबरचा कागद पिशवीत नाही तर अंगावरच्या कपड्यात ठेवा, कारण पिशवी त्या कुठेही ठेवून येतात.

उतरताना

गाडी थांबली की लगेच दार उघडू नका. आधी आत बसूनच म्हणायचं, दर वेळी त्याच क्रमाने: चष्मा, काठी, मोबाईल, औषधं, फाइल. त्यांनाच म्हणायला लावलं तर अजून चांगलं, थोड्या दिवसांनी ते तुमच्या आधी म्हणायला लागतात. मग काठी बाहेर, मग माणूस, त्यांना टेकायला जागा मिळाली की मग डिकी. दवाखान्याच्या दारात वॉचमन घाई करतो, मागून हॉर्न वाजतात, तरी क्रम बदलू नका, गरज पडली तर वॉचमनलाच सांगा की दादा, दोन मिनिटं, आजोबांना बसायला खुर्ची बघा.

कॅब किंवा रिक्षा असेल तर पैसे सामान उतरल्यावर द्या, आणि बसतानाच नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. ॲपवर प्रवासाची नोंद राहते, रस्त्यावर हात करून थांबवलेल्या रिक्षाची राहत नाही. कॅबवाल्या दादांना एवढंच सांगणं की म्हातारं माणूस उतरलं की निघायच्या आधी मागे वळून सीट, सीटखाली आणि दाराचा कप्पा बघा, दहा सेकंद लागतात.

सामान दारापर्यंत नाही, घरात नेऊन ठेवा, आणि औषधांची पिशवी नेहमीच्या जागी. लिफ्टजवळ ठेवून निघालात तर ती उचलायची त्यांनाच. वर गेल्यावर फ्रीजमधलं औषध फ्रीजमध्ये गेलं का बघा, मोबाईल चार्जिंगला लावून द्या. एकटे राहत असतील तर रात्री जेवायच्या वेळी फोन करून विचारा की रात्रीच्या गोळ्या सापडल्या का, कारण गोळ्या नेहमीच्या डब्यातून पिशवीत गेलेल्या असतात आणि ते नेहमीच्या डब्यातच शोधत बसतात.